राज्य सरकार कुणाला देशाबाहेर काढू शकतं का? अमेरिकेतले 'कागद दाखवा' कायदे, सोप्या भाषेत

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्कराचं एक विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय होते, बहुतेक जण हातापायांत बेड्या घालून आणलेले, त्यातले तीन आपल्या महाराष्ट्रातले. त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीतरी फॉरवर्ड येतंय, टेक्सासने कडक कायदा केला, फ्लोरिडाने केला, अमुक गव्हर्नर सगळ्यांना हाकलून लावणार. शेवटी माझ्या मावसभावाने फोन केला, तो बँकेत आहे, रोज तीन पेपर वाचतो, म्हणाला दादा, व्हिसा देतं अमेरिकेचं केंद्र सरकार, मग एका राज्याचा मुख्यमंत्री कोण लागून गेला हाकलणारा?

त्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो अमेरिकेत राहणाऱ्यांनाही नीट सुटलेला नसतो. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल समजू नका, तो तिथला मुख्यमंत्रीच, लोकांनी थेट निवडून दिलेला.) मी २००९ ते २०१३ ॲरिझोना राज्यात होतो, फिनिक्सजवळच्या चँडलर गावात, एच-वन-बी व्हिसावर, आणि यातला सगळ्यात गाजलेला कायदा तिथेच आला, आमच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे हे मी तटस्थ राहून लिहिणार नाहीये. हे कायदे चुकीचे आहेत असं माझं मत आहे, आणि ते आणणाऱ्या राज्यांतल्या पुढाऱ्यांवर माझा राग आहे, तो का हे सांगण्यासाठी आधी पाया घालावा लागेल.

## मेन गेट कुणाचं?

समजा एक मोठी सोसायटी आहे, पन्नास विंगची. मेन गेटवर कुणाला सोडायचं, कुणाला नाही, पास कुणाला द्यायचा, हे सोसायटीच्या कमिटीने ठरवायचं. प्रत्येक विंगला आपापला जिना झाडायचा, लाईट लावायचे, पाण्याची टाकी धुवायची एवढा अधिकार आहे, पण उद्या बी विंगचा सेक्रेटरी उठला आणि म्हणाला की मेन गेटवाले ढिले आहेत, मी माझ्या जिन्यात माझा वॉचमन बसवतो, तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पास मागेल आणि नसला तर सोसायटीच्या बाहेर काढेल, तर गोंधळ होणारच, कारण सी विंगचे पाहुणे पण त्याच आवारातून जातात आणि सोसायटीच्या बाहेर काढायची चावी बी विंगकडे नाहीच मुळी.

आपल्याकडे पण हेच आहे. आपल्या घटनेत नागरिकत्व, परकीय नागरिक, देशात प्रवेश, देशातून हकालपट्टी, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं केंद्राच्या सूचीत आहे, महाराष्ट्र सरकार स्वतःचा व्हिसा काढू शकत नाही. अमेरिकेत हे न्यायालयांनी ठरवत ठरवत आणलं. १८७४ साली सॅन फ्रान्सिस्कोला चीनहून एक जहाज आलं, त्यातल्या २२ बायकांना कॅलिफोर्निया राज्याच्या अधिकाऱ्याने नुसतं बघून चारित्र्यहीन ठरवलं आणि प्रत्येकीमागे ५०० डॉलरचा बाँड मागितला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने राज्याचा कायदा उडवला, आणि कारण असं दिलं की एका राज्याच्या एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर जर परदेशी माणसांची वागणूक ठरायला लागली तर उद्या भांडण सगळ्या देशाच्या गळ्यात पडेल. त्या खटल्यातल्या त्या अधिकाऱ्याचं 'नुसतं बघून ठरवणं' तेवढं लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

या तत्त्वाला तिथे प्रीएम्प्शन म्हणतात. अर्थ एवढाच की ज्या विषयात केंद्राचा कायदा आहे तिथे राज्याला आपला वेगळा कायदा लावून त्यावर कुरघोडी करता येत नाही. डिपोर्ट करणं, म्हणजे माणसाला देशाबाहेर काढणं, हे फक्त केंद्राचं काम. राज्याचे पोलीस केंद्राशी करार करून मदत करू शकतात, तसे करार शेकड्याने आहेत, पण निर्णय केंद्राचा. म्हणजे मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, पण मग हे गव्हर्नर आणि आमदार कायद्यावर कायदे का करतायत, ही खरी गोष्ट पुढे आहे.

## पास संपलेला प्रवासी

आधी एक शब्द. अनडॉक्युमेंटेड, म्हणजे अमेरिकेत राहायचे वैध कागद नसलेला माणूस. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये अशी १ कोटी ४० लाख माणसं तिथे होती. भारतीयांची संख्या प्यूने २०२२ साठी सव्वासात लाख धरली होती, मेक्सिको आणि एल साल्वाडोरनंतर तिसरा नंबर आपला, अमेरिकी सरकारचा आकडा यापेक्षा बराच कमी आहे पण नगण्य तोही नाही.

ही माणसं दोन वाटांनी तशी होतात. लोकलचं उदाहरण घ्या. एक जण पास काढून रीतसर गाडीत बसला, प्रवासात पासची मुदत संपली आणि तो उतरलाच नाही. दुसरा रुळ ओलांडून, कुंपणातून फलाटावर आला. आपल्या डोळ्यात दोघंही विनातिकीट, पण अमेरिकेच्या कायद्यात फरक आहे, दुसऱ्याने केला तो छोटा का होईना फौजदारी गुन्हा आहे, पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि पहिल्याचा व्हिसा संपल्यावर नुसतं राहणं हा दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, त्याला देशाबाहेर काढता येतं पण त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही. राज्यातले पुढारी भाषणात हा फरक मुद्दाम पुसून टाकतात.

## ॲरिझोना, २०१०

२३ एप्रिल २०१० ला गव्हर्नर जॅन ब्रुअर यांनी एसबी १०७० वर (एसबी म्हणजे सिनेट बिल, राज्याच्या सिनेटमधलं विधेयक) सही केली. विधेयक आणलं होतं रसेल पिअर्स नावाच्या राज्य सिनेटरने, तो मेसा गावचा, आमच्यापासून वीस मिनिटांवर. मसुद्यामागे क्रिस कोबॅक हा कॅन्ससचा वकील होता, त्याने मग असेच कायदे इतर राज्यांनाही लिहून दिले. कायद्याच्या पहिल्याच कलमात हेतू लिहिलेला होता, तो मराठीत सांगायचा तर असा, की अंमलबजावणीचा जाच इतका करायचा की माणसं आपणहून निघून जातील. जाच हा त्याचा दुष्परिणाम नव्हता, तोच उद्देश होता.

चार गोष्टी त्यात मुख्य होत्या. पोलिसाने कुठल्याही कारणाने कुणाला थांबवलं आणि त्याला 'रास्त संशय' आला की हा माणूस बेकायदा आहे तर त्याने कागद तपासलेच पाहिजेत. परदेशी माणसाने कागद जवळ न बाळगणं हा राज्याचा गुन्हा. अनडॉक्युमेंटेड माणसाने काम करणं तर सोडाच, काम मागणं हा सुद्धा गुन्हा. आणि देशाबाहेर काढण्याजोगा माणूस वाटला तर वॉरंटशिवाय अटक.

आता 'रास्त संशय' कशावरून येणार हो? गाडी चालवणाऱ्याच्या कपाळावर व्हिसा छापलेला नसतो. संशय येतो रंगावरून, उच्चारावरून, चपलेवरून, गाडीच्या मॉडेलवरून, कामाच्या कपड्यांवरून. वंशावरून थांबवायचं नाही असं कायद्यात लिहिलं होतं, पण वंश वगळला तर संशयाला उरतं काय ते कुणी सांगितलं नाही.

आमच्या घरात हे कसं आलं ते सांगतो. माझ्याकडे ॲरिझोनाचं ड्रायव्हिंग लायसन्स होतं, ते दाखवलं की माणूस वैध असं कायदाच धरून चालायचा. बायको माझ्या व्हिसावर आलेली, तिला नोकरी करायची परवानगी नाही, गाडी अजून शिकतच होती, लायसन्स नाही. तेव्हा पासपोर्टमध्ये एक पांढरं कार्ड स्टेपल केलेलं असायचं, आय-९४, तुम्ही देशात कधी आलात आणि कधीपर्यंत राहू शकता ते त्यावर. ते हरवलं तर नवीन काढायला शेकडो डॉलर आणि कित्येक महिने. आणि बायको दुपारी चालत दुधाला जाताना तो पासपोर्ट पर्समध्ये घालून न्यायला लागली, वरून रुमाल, वर पाकीट. चाळीस डिग्रीच्या उन्हात, सहा मिनिटांच्या रस्त्याला, एका गॅलन दुधासाठी. मी म्हटलं कोणी काही करत नाही गं, तर म्हणाली तुला विचारलं तर तुझ्याकडे लायसन्स आहे, मला विचारलं तर मी काय सांगू, इंग्रजी पण अडतं माझं घाबरल्यावर.

शेजारी एक मेक्सिकन वंशाच्या ताई राहायच्या, जन्माने अमेरिकन, त्यांच्या आईचाही जन्म ॲरिझोनातलाच. त्यांनी बायकोला आपल्या गाडीचा ग्लव्ह बॉक्स उघडून दाखवला, त्यात झिपच्या प्लास्टिक पिशवीत तिन्ही मुलांचे जन्मदाखले. म्हणाल्या १९९७ पासून इथेच असतात. का ते आम्हाला नंतर कळलं. जुलै १९९७ मध्ये चँडलरमध्ये स्थानिक पोलीस आणि केंद्राच्या बॉर्डर पेट्रोलने मिळून पाच दिवस धरपकड केली होती, चारशेहून जास्त अनडॉक्युमेंटेड लोक पकडले, पण त्यासाठी दुकानाबाहेर, रस्त्यात, घराच्या दारात ज्यांना अडवलं त्यात अमेरिकन नागरिक पण होते, फक्त ते सावळे होते. गावाला नंतर चार लाख डॉलर देऊन तो दावा मिटवावा लागला. १८७४ च्या जहाजावरचा अधिकारी आठवतोय ना.

एसबी १०७० चं पुढे काय झालं? लागू व्हायच्या आदल्या दिवशी, २८ जुलै २०१० ला, न्यायाधीश सुझन बोल्टन यांनी त्यातली मुख्य कलमं रोखली. २५ जून २०१२ ला सुप्रीम कोर्टाने चारपैकी तीन कलमं कायमची रद्द केली, निकाल लिहिला न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की देशाबाहेर काढण्याजोग्या माणसाने देशात नुसतं राहणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. 'संशय आला तर कागद तपासा' हे एक कलम मात्र कोर्टाने तूर्त राहू दिलं. म्हणजे ज्या कलमाची भीती बायकोला होती तेच नेमकं उरलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये लागू झालं.

## अलाबामातली टोमॅटोची शेतं

ॲरिझोना बघून बाकीच्या राज्यांतल्या पुढाऱ्यांत चढाओढच लागली, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, इंडियाना, युटा, आणि सगळ्यांवर कडी केली अलाबामाने. ९ जून २०११ ला गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी सही केलेल्या एचबी ५६ मध्ये शाळांनी नवीन मुलांच्या कागदांची चौकशी करायची असं होतं. अनडॉक्युमेंटेड माणसाशी केलेला करार कोर्टात टिकणार नाही, म्हणजे घराचं भाडं, मजुरी, सगळंच हवेत. त्याला आसरा देणं, गाडीत बसवून नेणं यावर शिक्षा, इतकी की मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक बिशप कोर्टात गेले, कारण चर्चच्या गाडीतून एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात नेलं तर पाद्री गुन्हेगार ठरणार होता. ऑलगुड नावाच्या छोट्या गावात पाणीपट्टी भरायच्या ऑफिसात कागद चिकटवला गेला की अलाबामाचं ओळखपत्र फाईलला लावा, नाहीतर पाणी तुटू शकतं. पाणी! आपल्याकडे दुष्काळात सुद्धा टँकरवाला नागरिकत्व विचारत नाही.

त्या सप्टेंबरअखेर कोर्टाने कायद्याचा बराचसा भाग चालू द्या म्हटल्यावर पुढच्या सोमवारी राज्यभरात दोन हजारांहून जास्त हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, मुलं शाळेत आलीच नाहीत. यातली बरीचशी मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे पूर्ण नागरिक. आणि अनडॉक्युमेंटेड मुलांना सुद्धा शाळेत घ्यावंच लागतं हे सुप्रीम कोर्टाने १९८२ सालीच टेक्साससंदर्भात ठरवून ठेवलंय, हे विधेयक लिहिणाऱ्यांना माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

शेतीचं काय झालं ते आपल्याला पटकन समजेल. ऊसतोडीच्या टोळ्या बीड, जामखेड, पाथर्डीकडून आल्याच नाहीत तर कोल्हापूर-सांगलीच्या उसाचं काय होतं? तुरे येतात, वजन घटतं, कारखाना बोंबलतो, आणि शेतकऱ्याचं वर्ष जातं. अलाबामात चँडलर माउंटन नावाच्या पठारावर टोमॅटो होतो, तिथे तोडणीला येणारी माणसं रातोरात गेली, काही फ्लोरिडाला, काही टेनेसीला, आणि टोमॅटो झाडावर लाल होऊन तिथेच सडला. स्थानिक लोकांना कामावर घ्या म्हणाले पुढारी. शेजारच्या जॉर्जियात हाच प्रयोग झाला, तिथल्या गव्हर्नरने सुचवलं की शिक्षा होऊन प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली, असलेल्यांना शेतात पाठवा, ते आले, काकडीच्या शेतात वाकून उभे राहिले, आणि बरेच जण पहिल्याच दिवशी दुपारी निघून गेले. वाकून तोडणी करणं हे अंगमेहनतीचं तर आहेच पण ते कसब आहे, हे ज्याने कधी कोयता धरलाय त्याला सांगावं लागत नाही.

आणि नोव्हेंबर २०११ मध्ये टस्कलूसाला पोलिसांनी भाड्याची गाडी थांबवली, चालवणारा निघाला मर्सिडीज कंपनीचा जर्मन अधिकारी, कारखान्याच्या कामावर आलेला, खिशात फक्त जर्मन ओळखपत्र. नवीन कायद्याप्रमाणे त्याला ठाण्यात नेलं. सहकारी पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन आला तेव्हा सुटका. याच मर्सिडीजला राज्यात आणायला अलाबामाने १९९३ मध्ये कोट्यवधी डॉलरच्या सवलती दिल्या होत्या. ही बातमी जगभर झाली. टोमॅटो तोडणाऱ्या बाईला त्याच कायद्याखाली नेलं असतं तर दोन ओळी सुद्धा आल्या नसत्या. पुढच्या दोन वर्षांत शाळेचं कलम आणि इतर बरीच कलमं कोर्टाने उडवली किंवा राज्याने तडजोडीत सोडून दिली, पण गेलेली कुटुंबं काही परत आली नाहीत.

## मग पुढाऱ्यांना हे हवं कशाला?

कारण मतं मिळतात. जॅन ब्रुअर २००९ मध्ये निवडून न येता गव्हर्नर झाल्या होत्या, आधीच्या गव्हर्नर ओबामांच्या मंत्रिमंडळात गेल्या म्हणून. स्वतःच्याच पक्षात त्यांची खुर्ची डळमळीत होती. एसबी १०७० वर सही केली आणि त्या देशभर गाजल्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी टीव्हीवर सांगितलं की वाळवंटात मुंडकी उडवलेली प्रेतं सापडतायत. पत्रकारांनी सीमेकडच्या शवविच्छेदन अधिकाऱ्यांना विचारलं, त्यांना असं एकही प्रेत माहीत नव्हतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी आपण चुकीचं बोललो असं कबूल केलं आणि नोव्हेंबरमध्ये त्या आरामात निवडून आल्या. म्हणजे खोटं पकडलं गेलं तरी भीती कामाला आली होती. साप म्हणून भुई धोपटायची आणि धोपटणाऱ्याचा सत्कार करायचा, असा हा कारभार.

फ्लोरिडात १० मे २०२३ ला गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एसबी १७१८ या तशाच कडक कायद्यावर सही केली. माणसं शेतं आणि बांधकामं सोडून जायला लागली तेव्हा जूनमध्ये हायलीया गावात त्यांच्याच पक्षाचे तीन आमदार लोकांची समजूत घालायला गेले. त्यातले रिक रॉथ, जे स्वतः शेतकरी आहेत, त्यांनी उघड सांगितलं की हे बिल घाबरवण्यासाठीच आहे, आणि आपल्या लोकांना जाऊ नका म्हणून सांगा. मला वाटतं यापेक्षा स्पष्ट कबुलीजबाब कोर्टात सुद्धा मिळाला नसता. टीव्हीवरच्या मतदाराला दाखवायला हाकलण्याचा कायदा, आणि शेतावर माणूस तर हवाच.

इथे परत त्या सोसायटीत या. बी विंगचा वॉचमन कुणाला अडवतो? कामाला येणाऱ्या मावशींना, कचरा उचलणाऱ्याला, डिलिव्हरीच्या पोराला. ज्या फ्लॅटवाल्याने मावशींना बोलावलंय, दोन हजार कमी देऊन राबवून घेतोय, त्याला वॉचमन सलाम ठोकतो. कागद नसलेल्या माणसाला कामावर ठेवणं अमेरिकेत १९८६ पासून बेकायदा आहे. ई-व्हेरिफाय नावाची केंद्राची ऑनलाईन सोय आहे, नवीन कामगाराला कामाची परवानगी आहे का ते मालकाला तपासता येतं. टेक्सासचे पुढारी सीमेवर काटेरी तार लावतात, नदीत तरंगते अडथळे टाकतात, २०२१ पासून ऑपरेशन लोन स्टार या राज्याच्या सीमा-मोहिमेवर ११ अब्ज डॉलरच्या वर खर्च करतात, पण सगळ्या खाजगी मालकांना ई-व्हेरिफाय सक्तीचं करत नाहीत, ते फक्त सरकारी खाती आणि सरकारी कंत्राटदारांना आणि किरकोळ अपवादांना. फ्लोरिडाने केलं तर २५ हून कमी कामगार असलेल्या मालकांना सोडून. ॲरिझोनाने २००८ पासून सगळ्यांना सक्ती केली हे खरं, पण प्रत्यक्षात खटले झाले ते बोटांवर मोजण्याएवढे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

## "पण कायदा मोडलाय ना त्यांनी?"

मोडलाय. मी नाही म्हणत नाही. आणि केंद्राने नियमाप्रमाणे, सुनावणी देऊन कुणाला परत पाठवलं तर ते देशाच्या अधिकारात आहे, भारतही ते करतो. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याने कायदा मोडला त्याला शोधायला जो कायदा केला तो न मोडणाऱ्यांच्याच अंगावर जास्त पडतो. फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ (पोलीसप्रमुख) जो अर्पायो रस्त्यावर गाड्या थांबवायच्या मोहिमा चालवायचा, २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ठरवलं की त्याचं खातं लॅटिनो लोकांना वंशावरून थांबवतंय. त्याने आदेश पाळला नाही, २०१७ मध्ये न्यायालयाच्या अवमानात दोषी ठरला, आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. कायदा मोडला म्हणून ओरडणाऱ्यांनी या माणसाला डोक्यावर घेतलं होतं.

एप्रिल २०२५ मध्ये तर फ्लोरिडात जॉर्जिया राज्यात जन्मलेल्या विशीतल्या एका अमेरिकन तरुणाला बेकायदा राज्यात शिरला म्हणून पकडलं, तेही न्यायाधीशांनी रोखून ठेवलेल्या नव्या कायद्याखाली. कोर्टात त्याचा जन्मदाखला दाखवावा लागला. ग्लव्ह बॉक्समधली ती पिशवी वेडेपणा नव्हता.

## "रांगेत या, आम्ही नाही उभे राहिलो?"

हे आपले लोक फार म्हणतात, मी स्वतः म्हणायचो. पण आपली रांग निदान आहे. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दशकांची आहे, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे, तरी उभं राहायला जागा आहे. टोमॅटो तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, छपरं घालणाऱ्या माणसाला नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळायचा जो एक वर्ग आहे त्यात सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० जागा. हंगामी व्हिसे आहेत पण ते संपले की परत जायचं. त्यामुळे रांगेत या म्हणणं म्हणजे खिडकीच नसलेल्या स्टेशनवर तिकीट काढायला सांगणं.

## "गुन्हे वाढतात, टॅक्सवर जगतात"

गुन्ह्यांचं उत्तर टेक्साससारख्या राज्याच्याच नोंदींत आहे, कारण तिथे अटक झालेल्याचं इमिग्रेशन स्टेटस तपासून नोंदवतात. २०१२ ते २०१८ च्या त्या नोंदींवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हिंसक गुन्ह्यांत अटक व्हायचं प्रमाण जन्माने अमेरिकन असलेल्यांत अनडॉक्युमेंटेड लोकांच्या दुपटीहून जास्त निघालं. कारण साधं आहे, सिग्नल तोडला तरी देश सुटेल अशी ज्याला धास्ती तो माणूस जपूनच चालतो. टॅक्सचं बोलायचं तर एका अमेरिकन कर-अभ्यास संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये या लोकांनी मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, आणि सोशल सिक्युरिटीची, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनची जी कपात पगारातून जाते त्यातलं त्यांना काहीही मिळत नाही. इमर्जन्सी उपचार आणि मुलांची शाळा सोडली तर केंद्राच्या बहुतेक योजनांचं दार त्यांना बंद आहे.

## "केंद्र झोपलंय, मग राज्यांनी करायचं काय?"

हा आक्षेप मात्र वजनदार आहे. सीमेवरच्या छोट्या गावांवर ताण पडतो, दवाखाने भरतात, हे खरं. अमेरिकेच्या संसदेने शेवटचा मोठा तोडगा १९८६ मध्ये काढला, रेगन यांच्या काळात, तेव्हा सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं विधेयक मंजूर केलं, कनिष्ठ सभागृहाने ते मताला टाकलंच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून सीमेचं कडक विधेयक लिहिलं, ट्रम्प यांनी विरोध केला आणि त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाने ते पाडलं. म्हणजे केंद्राला झोपवणारेही तेच आणि केंद्र झोपलंय म्हणून राज्यात ढोल वाजवणारेही त्याच पक्षाचे.

आणि राज्याने हातात घेतलं तर होतं काय ते टेक्सासच्या एसबी ४ मध्ये दिसतं. १८ डिसेंबर २०२३ ला तिथले गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही केली. बेकायदा सीमा ओलांडणं हा राज्याचा गुन्हा, आणि राज्याचा न्यायाधीश माणसाला ज्या देशातून आला तिथे परत जायचा आदेश देणार. ज्या देशातून आला म्हणजे मेक्सिको, मग माणूस मेहसाण्याचा का असेना. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही तासांपुरता हा कायदा चालू दिला, त्याच दिवशी मेक्सिकोने सांगितलं की टेक्सास राज्याने पाठवलेला एकही माणूस आम्ही घेणार नाही, आणि रात्री केंद्राच्या अपील कोर्टाने कायदा परत थांबवला. घ्यायला पलीकडे कुणी तयारच नसेल तर पुलाच्या मध्यावर त्या माणसाने उभं राहायचं कुठे? मेन गेटची चावी म्हणतो ती ही.

तोपर्यंत ॲबट यांनी माणसं बसमध्ये बसवून न्यूयॉर्क, शिकागोला पाठवली. डिसँटिस यांनी तर सप्टेंबर २०२२ मध्ये जवळपास पन्नास व्हेनेझुएलन लोकांना विमानाने मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उतरवलं, फ्लोरिडाच्या तिजोरीतून, आणि ती माणसं फ्लोरिडातली नव्हतीच, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोहून उचलली होती. त्यात लहान लेकरं होती. आश्रय मागणारी माणसं कॅमेऱ्यासाठी सामानासारखी हलवणं याला मी राजकारण सुद्धा म्हणणार नाही.

## "आपण तर लीगल आहोत"

टेक्सासमधले, न्यू जर्सीतले आपले मराठी लोक मंडळाच्या गणपतीत हेच म्हणतात. २०१० मध्ये मी पण म्हणायचो, बायकोच्या पर्समधला पासपोर्ट बघेपर्यंत. संशय चेहऱ्यावर येतो, आपला चेहरा त्यांच्यापासून फार लांब नाही. आणि आता तर कागदवाल्यांचाही नंबर लागलाय, ऑक्टोबर २०२५ मध्ये डिसँटिस यांनी राज्याच्या विद्यापीठांना एच-वन-बीवर माणसं घेणं थांबवा म्हणून सांगितलं. प्रोफेसर, संशोधक, रांगेत उभे राहून आलेले.

रसेल पिअर्सला नोव्हेंबर २०११ मध्ये मेसाच्या मतदारांनी मुदतीआधीच परत बोलावून घरी बसवलं, त्याच्याच पक्षाच्या एका मवाळ माणसाला निवडून दिलं. आम्ही तेव्हा तिथेच होतो, शेजारच्या ताईंनी त्या रात्री आम्हाला घरी केलेले तमाले (मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ) आणून दिले होते. पण ५ नोव्हेंबर २०२४ ला त्याच ॲरिझोनाने प्रपोझिशन ३१४, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला कायदा, साठहून जास्त टक्के मतांनी मंजूर केलं, बेकायदा सीमा ओलांडणं तिथेही राज्याचा गुन्हा, फक्त टेक्सासचा एसबी ४ किंवा दुसऱ्या राज्याचा तसाच कायदा सलग साठ दिवस लागू राहिला की मग तो भाग चालू होणार अशी अट घातली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ताईंचा बायकोला मेसेज आला, फोटो होता, ग्लव्ह बॉक्समधली तीच झिपची पिशवी, आता त्यात नातवाचा जन्मदाखला पण.